एकतिसावं डोकं

“तीस,” असं पुटपुटत कंडक्टरबाईंनी मुलाच्या डोक्याला हात लावला आणि पुढच्या डोक्यासाठी तो तसाच हवेत धरला. पुढे डोकं नव्हतं. झुलता पूल रिकामा होता. इतक्या पावलांच्या दणदणाटानं तो अजून हेलकावत होता, फळ्या एकमेकींवर घासून कुरकुरत होत्या, पण त्याच्यावर कोणी नव्हतं.

फाटकाशेजारी पाटी टांगलेली होती. तिच्यावर त्यांच्याच ठसठशीत अक्षरात खडूनं लिहिलं होतं: एकतीस.

“ए, थांबा रे! परत मोजते, रांगेत उभे राहा!” त्या ओरडल्या.

पण खेळ संपल्यावर मुलं कसली थांबतात! कोणी आईच्या हातातल्या बाटलीवर तुटून पडलं होतं, कोणी बापाच्या खांद्यावर चढून बसलं होतं. बघता बघता सगळा घोळका आइसक्रीमच्या गाडीकडे पांगला आणि बाकांवर नुसती पाण्याची ओली वर्तुळं उरली.

बाईंनी पाटीवरचा आकडा पुन्हा वाचला.

उद्यानातल्या तळ्याच्या मधोमध ते ‘खजिन्याचं बेट’ होतं. लाकडी गलबत, फायबरची गुहा, निळ्या ऑक्टोपसच्या आठ पायांच्या आठ घसरगुंड्या आणि दर वीस मिनिटांनी गडगडून वाफ सोडणारा सिमेंटचा ज्वालामुखी. आईबापांना पलीकडे जायची परवानगी नव्हती. चाळीस मिनिटांचा एक खेळ. मुलं पुलावरून आत जायची आणि पुलावरूनच परत यायची. तळं मोठ्या माणसाच्या कमरेइतकं होतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मात्र डोक्यावरून जाईल एवढं.

मुलं मोजणं हे बाईंचं काम. अठ्ठावीस वर्षं त्यांनी बसमध्ये डोकी मोजली होती. खच्चून भरलेल्या गाडीत, एका हातानं दांडा धरून, नुसत्या नजरेनं त्या आकडा सांगायच्या आणि तो तपासणीसाच्या आकड्याशी तंतोतंत जुळायचा. निवृत्त झाल्यावर इथे लागल्या, तेव्हा हे ऐकून बेटावरच्या कप्तानानं त्यांना ‘कंडक्टरबाई’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. कप्तान म्हणजे चाळिशीचा एक सडपातळ माणूस. तीनकोनी टोपी, डोळ्यावर काळी पट्टी आणि नायलॉनची दाढी लावून तो दिवसभर घसरगुंड्यांपाशी उभा असे.

“कप्तान!” बाईंनी पुलावरून हाक मारली. “आत कोण राहिलंय का बघ रे!”

“कोणी नाही, बाई! मी आत्ता झाडू मारायला घेतोय!”

“एक कमी आहे.”

कप्तानानं डोळ्यावरची पट्टी कपाळावर सरकवली. एवढ्या लांबूनही त्याचा चेहरा उतरलेला त्यांना दिसला.

त्याच वेळी त्यांच्या मनात दुसरा विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा जास्त थंडगार होता. पाटीवरचा आकडाच चुकला असेल तर?

ही भीती बाईंनी कोणाला सांगितली नव्हती. मागच्या महिन्यात त्या एक मजला आधीच थांबून खालच्यांच्या दाराला आपली किल्ली लावत बसल्या होत्या. आतल्या बाईंनी दार उघडलं तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण त्या बाईंचं नाव काही केल्या ओठांवर येईना, आणि त्या तर वीस वर्षांपासूनच्या शेजारीण. हल्ली रोज अंथरुणावर पडल्यावर बाई आपल्या जुन्या मार्गाचे थांबे ओळीनं म्हणून बघत. बेचाळीस थांबे. परवा चाळीसच भरले. पुन्हा पहिल्यापासून म्हटले, तरी चाळीसच. लेक शेजारच्या पलंगावर झोपलेली होती. तिला उठवावंसं वाटलं, आणि उठवून काय विचारायचं हे न कळून त्या पहाटेपर्यंत जाग्याच राहिल्या.

सुपरवायझर वायरलेस कानाला लावत आला. तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, कामाला चोख माणूस.

“काय झालं, बाई?”

“एकतीस गेली. तीस आली.”

त्यानं पाटीकडे पाहिलं, मग मोकळ्या बाकांकडे.

“कोणाचं मूल हरवलंय? कोणी विचारायला आलंय?”

“नाही.”

“मग हरवलं कोण? मूल मिळालं नाही तर आई इथे ऊर बडवत उभी नसती का?”

तरी बाई म्हणाल्या, “साहेब, आकडा माझा आहे.”

सुपरवायझरनं कर्ण्यावरून घोषणा करायला लावली. ज्यांचं मूल बेटावर गेलं होतं त्यांनी आपलं मूल सोबत असल्याची खात्री करावी. दोनदा घोषणा झाली. लाटांच्या हौदाकडून ढणढण गाणी ऐकू येत होती, मोठा पाळणा वरून खाली येताना किंकाळ्या उठत होत्या. बेटाकडे कोणी धावत आलं नाही.

“झालं?” सुपरवायझर म्हणाला.

“एकदा शोधू या.”

त्यानं घड्याळ बघितलं. साडेपाच वाजून गेले होते, ऊन अजून होतं. “दहा मिनिटं,” तो म्हणाला.

बाई पुलावरून आत गेल्या. गलबताच्या पोटात वाकून पाहिलं, सुकाणूमागे पाहिलं. गुहेत मोबाइलचा उजेड मारला. आत एक मोजा आणि चुरगळलेला कागदी मुकुट सापडला. घसरगुंड्यांच्या आठही तोंडांत त्यांनी हाक मारली आणि त्यांचाच आवाज बोंबलत परत आला. “बाळा, ओ दे! कोणी रागावणार नाही!” नाव माहीत नाही, मुलगा की मुलगी माहीत नाही. आपण कोणाला हाक मारतोय हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

कप्तान तोवर बूट काढून तळ्यात उतरला होता. हातात पानं काढायची लांब काठीची जाळी. पुलाखालून सुरुवात करून तो एकेक पाऊल सरकत होता आणि दर पावलाला काठी तळाला टेकवत होता. पाणी निळ्या रंगाच्या तळामुळे वरून नितळ भासायचं; आत मात्र हाताचा पंजा दिसत नव्हता. काठी कशाला तरी अडली की कप्तान थांबायचा. तो थांबला की बाईंचा श्वास थांबायचा. मग जाळीत पाण्याची बाटली वर यायची, नाहीतर कोणाची तरी चप्पल.

गुलाबी, बोटाएवढ्या पट्ट्याची चप्पल आली तेव्हा बाई कठड्याला धरून पायरीवर बसल्या.

“शेवाळ चढलंय हिच्यावर,” कप्तान घाईघाईनं म्हणाला. “जुनी आहे, बाई. महिनाभर तरी पडून असेल.”

सुपरवायझर जवळ येऊन उकिडवा बसला. त्यानं आवाज खाली आणला, आणि तो खाली आलेला आवाजच बाईंना नकोसा झाला.

“बाई, तुम्हाला बरं वाटतंय ना?”

“मला काय झालंय?”

“नाही, मागच्या आठवड्यात सुट्टी असून तुम्ही कामावर आलात. दोन तास फाटकाशी बसून होतात म्हणे.”

“वार चुकला. माणसाचा वार चुकत नाही?”

“चुकतो की. तसाच आकडाही चुकतो. तीसच्या जागी एकतीस लिहिलं गेलं असेल. त्यात लाज कसली?”

तो भल्यासाठीच बोलत होता. हो म्हटलं की संपलं. पाटी पुसायची, पुलाला कुलूप घालायचं, घरी जायचं. पण हो म्हटलं तर डोकंच गेलं आपलं. अठ्ठावीस वर्षं ज्या एका गोष्टीवर भाकरी खाल्ली तीच गेली. मग उद्या गॅस, परवा घराचा पत्ता, मग लेकीचं तोंड.

आणि बेटाच्या पायरीवर बसल्या बसल्या त्यांनी मनातल्या मनात देवाला म्हटलं, असू दे रे. कोणीतरी असू दे आत.

म्हटलं आणि त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. कोणाचं तरी मूल हरवलेलं असू दे, असं त्या मागत होत्या. पाण्यात काठी टोचली जात असताना! त्यांनी झटकन दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, जसं काही ते मोठ्यांदा बोललं गेलं होतं.

तेवढ्यात पुलाच्या पलीकडून एका बाईचा आवाज आला.

“माझी मुलगी! अहो, माझी मुलगी आहे का इथे?”

ती धावत आली होती. एका पायात चप्पल नव्हती. तिच्यामागून तिचा नवरा, थोरल्या मुलाला ओढत. धापा टाकत दोघं एकाच वेळी बोलू लागले. त्यानं धाकटीला बेटावर सोडलं होतं आणि थोरल्याला घेऊन मोठ्या पाळण्याच्या रांगेत उभा राहिला होता. तिथून बायकोला फोन केला होता, की तिला तू घे. लाटांच्या हौदापाशी त्या गोंगाटात तिला ऐकू आलं, की तिला मी घेतो. आता दोघं फाटकाशी भेटले, तर मुलगी दोघांकडेही नाही.

“पाच वर्षांची आहे. पिवळा फ्रॉक. छकुली म्हणतो आम्ही.” आईनं पाण्यात उभ्या असलेल्या कप्तानाला पाहिलं, त्याच्या हातातली काठी पाहिली, आणि ती कठड्यावरून वाकून पाण्यात बघू लागली.

बाई उठून उभ्या राहिल्या. आकडा बरोबर होता. क्षणभर, अगदी एका क्षणापुरतं, त्यांना हायसं वाटलं. मग त्या आईच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि त्या हायसं वाटण्याचीच त्यांना अशी भीती वाटली की तिच्याकडे पुन्हा मान वर करून बघवेना.

आता सगळंच बदललं. सुपरवायझर वायरलेसवर ओरडू लागला, पंप बंद करा, तळं रिकामं करायला घ्या, मुख्य फाटक लावा. बाप कपड्यांनिशी पाण्यात उतरला. “छकुली! छकुली!” अशा हाका तळ्यावरून घुमू लागल्या. अर्धा तास झाला होता. अर्ध्या तासात पाण्यात काय होतं ते प्रत्येकाला माहीत होतं.

बाई ज्वालामुखीच्या मागच्या बाजूला गेल्या. शोधत गेल्या असंही म्हणता येणार नाही, पाय गेले. तिथे सामानाची छोटी खोली होती. झाडू, रंगाचे डबे, मुलांची तरंगायची जाकिटं असं सगळं तिच्यात कोंबलेलं असे. दाराला बाहेरून कडी होती, म्हणून आत कोणी डोकावलंच नव्हतं. आतून बाहेरची कडी कोण लावणार?

पण ही कडी दिवसभर लोंबतच असते. कप्तान दर खेळानंतर झाडू घ्यायला येतो, लावायचा कंटाळा करतो. आज ती लावलेली होती, वर आडवा खिळाही नीट खोचलेला होता.

विचार पुरा व्हायच्या आधी त्यांच्या हातानं खिळा काढला.

आत नारिंगी जाकिटांच्या ढिगावर पिवळा फ्रॉक बसला होता. गुडघे जवळ घेतलेले, एका गुडघ्याला पांढरी पट्टी. शेजारी प्रथमोपचाराची पेटी उघडी पडलेली. हातात अर्धं बिस्किट. उजेडानं मुलीनं डोळे बारीक केले आणि बाईंना ओळखून मोठा सुस्कारा टाकला.

“आजी, किती वेळ लावलास!”

बाई दारातच खिळल्या.

“मी हललेच नाही,” ती म्हणाली. “खूप जणांनी हाका मारल्या. बाबांनीपण मारली. पण तू म्हणालीस ना, मी येईपर्यंत कुणालाही ओ द्यायची नाही. नाहीतर ती पिचकारीवाली मोठी मुलं परत येतील.”

“मी म्हणाले?”

“हो. कडी लावते म्हणालीस, म्हणजे ती येणार नाहीत. आणि दोन मिनिटांत येते म्हणालीस.” मग तिचा ओठ थरथरू लागला. “ही दोन मिनिटं नव्हती.”

बाईंनी तिला उचलून घेतलं. मुलीनं गळ्याला घट्ट मिठी घातली. तिचं काळीज पाखरासारखं फडफडत होतं. बाईंनी आठवायचा प्रयत्न केला. खेळाच्या मध्ये त्या नेहमी फाटक लावून बेटावर एक फेरी मारत. आज मारली होती? गुडघा फुटलेलं, रडणारं पोर, पेटी, पट्टी, बिस्किट. हे सगळं आपण केलं. त्यांनी पट्टीच्या गाठीकडे पाहिलं. गाठ त्यांचीच होती, दोनदा पीळ देऊन मारलेली. पण आत कुठेच काही नव्हतं. धूसरसुद्धा नाही. ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तसं लख्ख कोरं.

“सापडली!” त्या ओरडल्या. आवाज कोणा दुसऱ्याचाच वाटला.

त्यानंतरची रडारड, मुके, मिठ्या सांगायला नकोत. आईनं मुलीला अशी कवटाळली की ती पोरगीच शेवटी घाबरून रडू लागली. सुपरवायझरनं बाईंचा हात हातात घेतला. “बाई, मला माफ करा. तुम्ही नसता तर पुलाला कुलूप घालून मी मोकळा झालो असतो.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईंनी हात हळूच सोडवून घेतला.

बाप मात्र त्या खोलीच्या दाराशी उभा होता. अंगातून पाणी गळत होतं. त्यानं कडी एकदा लावून बघितली, एकदा काढून बघितली.

“ही बाहेरून लागते,” तो म्हणाला.

सगळे दाराशी जमले.

“म्हणजे कोणीतरी तिला आत घातलं आणि बाहेरून कडी लावली.” तो वळला. “बेटावर मोठा माणूस कोण होता?”

कप्तान नुकताच पाण्यातून वर आला होता. दाढी एका बाजूनं सुटून हनुवटीवर लोंबत होती, कपाळावर ती काळी पट्टी. त्या सोंगात तो आधीच गुन्हेगारासारखा दिसत होता.

“साहेब, मी घसरगुंडीपाशी होतो,” तो म्हणाला. “मी हिला पाहिलंसुद्धा नाही.”

“पाहिलं नाहीस? चाळीस मिनिटं दहा पावलांवर होती, आणि पाहिलं नाहीस?” बापानं त्याची ओली गळपट्टी धरली. “काय केलंस तिला? बोल!”

“पोलिसांना बोलवा,” आई मुलीला छातीशी दाबत म्हणाली. “आत्ताच्या आत्ता.”

सुपरवायझरनं वायरलेस तोंडाशी नेला. त्यानं कप्तानाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. कप्तानाला ते दिसलं. त्याच्या दोन लेकी शाळेत होत्या. रविवारी डबा घेऊन कधीकधी त्या इथे यायच्या. त्यानं फक्त कंडक्टरबाईंकडे पाहिलं, आपल्या बाजूनं बोलेल असं एवढंच एक माणूस इथे आहे अशा नजरेनं.

खोलीत मुलगी काय म्हणाली ते कोणी ऐकलं नव्हतं. आता ती आईच्या मानेत तोंड खुपसून हुंदके देत होती. आज तरी ती काही बोलणार नव्हती. बाईंनी तोंड उघडलं नाही, तर उद्या सगळं उद्यान म्हणेल, काय डोकं आहे हो बाईंचं! त्या एक पाऊल पुढे आल्या.

“कडी मी लावली.”

बापाचा हात सैल पडला नाही. “त्याला वाचवू नका, आजी.”

“मीच लावली. तिचा गुडघा फुटला होता. मोठी मुलं त्रास देत होती म्हणून आत बसवलं. पट्टी मी बांधली. तिलाच विचारा.”

आईनं मुलीचा चेहरा हातात धरला. “छकू, या आजींनी बसवलं तुला?”

मुलीनं हुंदका आवरत मान डोलावली. “बिस्किट दिलं,” ती म्हणाली.

सुपरवायझर एकदा बाईंकडे, एकदा कडीकडे बघत राहिला. “पण मग… बाई, अर्धा तास तुम्हीच शोधत होतात ना? आम्हाला सगळ्यांना तुम्हीच कामाला लावलंत. तुम्हीच बसवलं होतं, तर मग शोधत कशाला होतात?”

“मला आठवत नव्हतं.”

त्यांनी हे वाक्य आजवर एकटीनंही उच्चारलं नव्हतं. आता ते सगळ्यांसमोर पडलं आणि तिथेच राहिलं. कोणी त्याला हात लावला नाही.

“अजूनही आठवत नाही,” त्या म्हणाल्या. “ती सांगते म्हणून कळलं.”

बापानं कप्तानाची गळपट्टी सोडली. काय करावं ते न सुचून त्यानं ती वर ओढून सारखीही केली. मग कोणाकडे न बघता तो थोरल्याचा हात धरून पुलाकडे चालू लागला. आई जरा वेळ थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि दुसरंही काही होतं.

“तुम्ही मोजलं नसतं तर…” तिनं सुरुवात केली. मुलीला खांद्यावर नीट घेऊन ती गेली. जाताना त्या खांद्यावरून पिवळ्या बाहीतला एक हात वर झाला आणि हलला.

सुपरवायझरनं बाईंना घरी कोण असतं ते विचारलं. लेकीचा नंबर त्यांनी न अडखळता सांगितला. “उद्या येऊ नका,” तो म्हणाला. लगेच त्यालाच ते कसंसं वाटलं असावं. “म्हणजे, आधी डॉक्टरांना दाखवा. मी तुमच्या लेकीशी बोलतो.” आणि फोन कानाला लावत तो लांब गेला, ऐकू येणार नाही एवढा लांब.

कप्तानानं झाडू मारला नाही. त्यानं दाढी काढून खिशात कोंबली, खोलीचं दार सताड उघडं ठेवलं आणि बाईंच्या बरोबर पुलावर आला. तळ्याचं पाणी उतरत होतं. कडेच्या भिंतीवर ओली रेघ राहिली होती.

“बाई,” तो शेवटी म्हणाला, “तुम्ही बोलला नसता तर माझं काय झालं असतं…”

“पुरे,” त्या म्हणाल्या.

फाटकाशी आल्यावर त्यानं कुलूप हातात घेतलं. बाईंनी मागे वळून बेटाकडे पाहिलं. गलबत, गुहा, घसरगुंड्यांची आठ काळी तोंडं.

“कप्तान, आत कोणी राहिलं नाही ना?”

कुलूप लावता लावता त्याचा हात थांबला. त्यानं बाईंकडे पाहिलं. मग कुलूप काढून फाटक परत पुरतं उघडलं आणि पहिल्यांदाच विचारलं गेल्यासारखा सावकाश, नीट बोलला.

“नाही, बाई. चला, पुन्हा एकदा बघून येऊ.”